पीसी आणि कन्सोल गेमचं टेस्टिंग : नवीन लागलेल्यांसाठी, पायरी पायरीने

टेस्टिंगला नवीन लागलेली पोरंपोरी एक प्रश्न हमखास विचारतात, की गेम तर तोच आहे, स्टोरी तीच, लेव्हल त्याच, मग पीसीची टीम वेगळी आणि कन्सोलची टीम वेगळी कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. पण एकदा दोन्हीकडे बसून बघितलं की कळतं, बग वेगळे निघतात, शोधायची पद्धत वेगळी आहे, आणि घाईच्या दिवसांत पळापळ कशासाठी होते तेही वेगळं आहे. मी पुण्यात दोन्ही बाजूंना काम केलंय आणि सुरुवातीला हे कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून जे जमेल ते क्रमाने लिहितोय. ऑफिसातलं गुपित काही नाहीये यात, करारात जे सही करून देता ते पाळायचंच, पण एवढं तर उघड माहिती आहे.

पायरी १ : दरवान कुठे आहे ते आधी समजून घ्या

कन्सोलवर (म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच अशा खास गेमच्या मशीनवर) गेम विकायचा असेल तर सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डोच्या तपासणीतून तो पास व्हावा लागतो. सोनीच्या यादीला टीआरसी म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या यादीला एक्सआर, निन्टेन्डोच्या तपासणीला लॉटचेक, आणि ऑफिसात सगळ्यांना मिळून नुसतं 'सर्ट' म्हणतात. याच्यामागे जुना धडा आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत दुकानांमध्ये इतके वाईट गेम साचले की लोकांचा कन्सोलवरचा विश्वासच उडाला आणि अख्खा बाजार कोसळला, मग १९८५ मध्ये निन्टेन्डोने तिकडे एनईएस हा कन्सोल आणला तेव्हा त्यात एक लॉकआउट चिप बसवली, म्हणजे परवानगी नसलेलं कार्ट्रिज चालूच होणार नाही, आणि मान्यता मिळालेल्या गेमच्या खोक्यावर शिक्का असायचा. आजचं सर्ट त्याच विचारातून आलंय.

पीसीवर असा दरवान नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक नवा गेम टाकायला १०० डॉलर भरावे लागतात, ते चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची माणसं बघतात की गेम सुरू होतोय का, पेजवर जे लिहिलंय ते खरंच गेममध्ये आहे का, एवढंच. तुमच्या ग्राफिक्स कार्डावर तो अडखळतोय का हे कोणी तपासत नाही, आणि एकदा रिलीज झाल्यावरचे अपडेट तर डेव्हलपर रात्री दोन वाजताही टाकू शकतो.

पण म्हणून सर्ट पास झालेला गेम चांगलाच असतो असं धरून चालू नका, नवीन माणूस इथेच फसतो. सर्टमध्ये मुख्यतः बघतात की गेम कन्सोलच्या नियमांत वागतोय का, क्रॅश होतोय का, सेव्ह खातोय का. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, दिसतात तो आकडा) घसरतोय, समोरची माणसं हवेत तरंगतायत, हे त्यात बऱ्याचदा अडत नाही. शिवाय काही गोष्टींना वेव्हर मिळतो, म्हणजे आत्ता सोडा, आम्ही पॅचमध्ये (रिलीजनंतरच्या दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) दुरुस्त करू, असं सांगून सूट घेता येते. सायबरपंक २०७७ चं उदाहरण सगळ्यांना माहितीय, १० डिसेंबर २०२० ला आला, साध्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर त्याची हालत फार वाईट होती, तरी सर्ट पास झाला होता, आणि नंतर गेम बनवणाऱ्या कंपनीने गुंतवणूकदारांशी बोलताना मान्य केलं की रिलीजपर्यंत आम्ही ठीक करू या भरवशावर ते झालं. आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, परत आला तो थेट जून २०२१ मध्ये. पीसीवर चांगलं मशीन असेल तर तोच गेम त्या मानाने बरा चालत होता. उलटं उदाहरण बॅटमॅन अर्खम नाइटचं, जून २०१५, कन्सोलवर व्यवस्थित, आणि पीसीवर ३० फ्रेमला बांधलेला आणि तरीही अडखळणारा, दोनेक दिवसांत तो काढणाऱ्या वॉर्नर कंपनीने पीसीची विक्रीच थांबवली, ती ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा सुरू झाली. ही दोन उदाहरणं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

पायरी २ : यादी वाचा, पाठ करू नका

सोनी आणि निन्टेन्डोच्या याद्या करारात बांधलेल्या लोकांनाच बघायला मिळतात. मायक्रोसॉफ्टची एक्सआर यादी मात्र त्यांच्या डेव्हलपर साइटवर कोणालाही वाचता येते, फुकट, त्यामुळे इंटरव्ह्यूच्या आधी ती एकदा शांतपणे वाचून जा. पहिलाच नियम गेमच्या स्थिरतेचा आहे, म्हणजे क्रॅश नको, हँग नको. वाचताना प्रत्येक नियमाला विचारा की हा कोणाच्या त्रासातून आला असेल? मग लक्षात आपोआप राहतं. उदाहरणार्थ कंट्रोलर बंद पडला की गेम थांबला पाहिजे, कारण सेल संपला म्हणून बॉसकडून मार खाणं कोणालाच आवडत नाही.

पायरी ३ : कन्सोलवर रोज करायचा उपद्व्याप

कन्सोलवर हार्डवेअर ठरलेलं असतं, म्हणून तिथे आपला वेळ जातो तो माणूस काय काय करू शकतो यावर. सेव्ह चालू असतानाच कंट्रोलरचा सेल काढा. लोडिंग चालू असताना होमचं बटण दाबा, दुसऱ्या प्रोफाइलने लॉगिन करा, पहिल्यातून साइन आउट व्हा. मल्टिप्लेअर मॅचच्या मध्ये लॅनची वायर ओढा, आणि परत लावा, कारण तुटताना गेम बरोबर मेसेज देतो पण परत जोडल्यावर मेन्यूत अडकून बसतो असं खूप वेळा सापडतं. डिस्क पूर्ण भरून मग सेव्ह करून बघा. संध्याकाळी कन्सोल रेस्ट मोडला टाकून घरी जा आणि सकाळी आल्यावर तिथूनच गेम पुढे चालवा. स्विच असेल तर डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) घाला, काढा, घाला, कटसीन (गोष्ट सांगणारा सिनेमासारखा भाग) चालू असताना काढा, कारण डॉकमधून काढल्यावर रिझोल्यूशन बदलतं आणि तिथे चित्र फाटतं किंवा अक्षरं इतकी बारीक होतात की वाचता येत नाहीत.

मेसेजमधले शब्दही तपासायचे. प्लेस्टेशनच्या स्क्रीनवर 'ए दाबा' असं आलं तर तो सरळ सरळ नापास होणारा बग आहे, कारण ते बटण एक्सबॉक्सचं. जपानी आवृत्ती तपासत असाल तर अजून एक गोष्ट, पीएस४ पर्यंत तिकडे 'ओके'साठी गोल बटण असायचं आणि पीएस५ पासून तिकडेही क्रॉस झालं, त्यामुळे दोन्हीवर निघणाऱ्या गेममध्ये इथे घोळ व्हायला जागा असते.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगतो कारण ती नव्यांना कोणी सांगत नाही. ऑफिसात जे कन्सोल असतात ते सगळे दुकानातल्यासारखे नसतात. डेव्हकिट (गेम बनवणाऱ्यांसाठीचा कन्सोल) वेगळा, टेस्टकिट (टेस्टिंगसाठीचा, दुकानातल्याच्या जवळचा) वेगळा, आणि डेव्हकिटमध्ये बहुतेक वेळा मेमरी जास्त असते, म्हणजे एक्सबॉक्स वन एक्सच्या डेव्हकिटमध्ये २४ जीबी होती आणि लोकांच्या घरातल्या मशीनमध्ये १२. त्यामुळे मेमरी संपून होणारा क्रॅश डेव्हकिटवर दिसतच नाही. तुमच्या टेबलावर काय आहे ते पहिल्या दिवशी लीडला (टीमच्या प्रमुखाला) विचारून घ्या, लाजू नका, आणि लांब चालणारी टेस्ट असेल तर टेस्टकिटच मागा.

लांब टेस्टचं महत्त्व स्कायरिमने शिकवलं. नोव्हेंबर २०११ मध्ये तो पीएस३ वर आला, सुरुवातीचे तास छान, पण लोक जसजसे खेळत गेले, सेव्ह फाइल फुगत गेली, तसा गेम इतका अडखळायला लागला की काहींना तो सोडून द्यावा लागला. पीएस३ मध्ये मुख्य मेमरी २५६ एमबी आणि ग्राफिक्सची वेगळी २५६. दोन तास खेळून हे कोणाला सापडणार? म्हणून मोठ्या गेममध्ये एक सेव्ह अशी ठेवा जी पहिल्या आठवड्यापासून पुढे नेताय, प्रत्येक घरात शिरलाय, मिळेल ते उचललंय, आणि नवीन बिल्ड (गेमची ताजी आवृत्ती) आला की सगळ्यात आधी ती उघडून बघा.

आणि एकाच कंपनीचे दोन कन्सोल असतील तर दुबळ्यावर जास्त वेळ द्या. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी आहे, सिरीज एसमध्ये १०. बाल्डर्स गेट ३ पीसीवर ऑगस्ट २०२३ ला, पीएस५ वर सप्टेंबरला आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण सिरीज एसवर स्प्लिट स्क्रीन (एकाच स्क्रीनचे दोन भाग करून दोघांनी खेळणं) काही बसेना, शेवटी एसवर त्याशिवायच काढायला परवानगी मिळाली.

पायरी ४ : पीसीवर आधी मशीन लिहून घ्या

पीसीवर बसलात की गेम उघडायच्या आधी वही उघडा. ग्राफिक्स कार्ड कोणतं, ड्रायव्हरचा नंबर काय, प्रोसेसर, रॅम, विंडोजची आवृत्ती, गेम एसएसडीवर आहे की जुन्या हार्डडिस्कवर, मॉनिटर किती हर्ट्झचा, दुसरा मॉनिटर जोडलाय का, डिस्कॉर्डचा ओव्हरले चालू आहे का. विंडोजमधलं डीएक्सडायग चालवलं की बरंचसं एका फाइलमध्ये मिळतं. हे कंटाळवाणं वाटेल पण पीसीच्या अर्ध्याहून जास्त बगचं मूळ त्या वहीतच सापडतं असा माझा अनुभव आहे. एनव्हिडियावर नाही, एएमडीवर येतो. इंटेलच्या कार्डावरच येतो. लॅपटॉपवरच येतो, कारण त्यात दोन ग्राफिक्स चिप आहेत आणि गेमने चुकून दुबळी धरली.

मग मुद्दाम वाईट वागा. ऑल्ट टॅब करा, सारखं करा, कटसीनमध्ये करा. फुलस्क्रीनवरून विंडोत, विंडोतून बॉर्डरलेसमध्ये. २१:९ चा रुंद मॉनिटर लावा आणि बघा मेन्यू कुठे जातोय. फ्रेंच कीबोर्ड लेआउट लावून बघा, तिथे डब्ल्यूच्या जागी झेड असतो, मग 'पुढे जायला डब्ल्यू दाबा' हे वाक्य खोटं पडतं. विंडोजची भाषा आणि रीजनल फॉरमॅट जर्मन करा, तिकडे दशांश बिंदूऐवजी स्वल्पविराम असतो, आणि सेटिंगच्या फाइलमधला दीड वाचताना गेमची गल्लत होऊ शकते.

आपल्याकडच्या लोकांसाठी खास एक टेस्ट, ही मी प्रत्येक नव्या माणसाला करायला लावतो. विंडोजमध्ये यूझरचं नाव देवनागरीत ठेवून नवीन अकाउंट बनवा. सरळ 'सुमती' किंवा 'आजोबा' असं. मग गेम इन्स्टॉल करा, खेळा, सेव्ह करा, बंद करून परत उघडा. सेव्हचा फोल्डर यूझरच्या नावाच्या आत असतो, आणि डेव्हलपरने फक्त इंग्लिश अक्षरंच येतील असं गृहीत धरलं असेल तर सेव्ह गायब, किंवा गेम सुरूच होत नाही. रशियन, चिनी, कोरियन लोकांना हा त्रास वर्षानुवर्षं होतोय. हा बग तुम्हाला सहज सुचेल कारण तुम्ही मराठी आहात, ज्याच्या घरात सगळं इंग्लिशच आहे त्याला सुचत नाही, तर याचा फायदा घ्या. त्याच्याच जोडीला डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडून बघा आणि अँटिव्हायरसला फोल्डर राखायला सांगून बघा, दोन्हीने सेव्ह अडतात.

पायरी ५ : कॅशे पुसून बघा

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपने पाणी कसं चमकवायचं, भिंतीवर सावली कशी पाडायची याचे छोटे छोटे प्रोग्रॅम. कन्सोलमध्ये चिप एकच, म्हणून ते आधीच त्या चिपसाठी तयार करून गेमबरोबर पाठवता येतात. पीसीत चिप आणि ड्रायव्हर प्रत्येकाचा वेगळा, म्हणून ते शेवटचं तयार करणं तुमच्याच मशीनवर होतं. डेव्हलपरने हे आधी उरकून घेतलं नसेल तर पहिल्यांदा स्फोट दिसला की गेम क्षणभर अडकतो, पहिल्यांदा पाऊस आला की परत. त्यालाच स्टटर म्हणतात. आधी उरकलं तर सुरुवातीला ताटकळत बसावं लागतं, मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर आला तेव्हा लोकांना पहिल्या स्क्रीनवर शेडर तयार होईपर्यंत बराच वेळ काढावा लागला होता. स्टीम डेकवर हा त्रास कमी असतो कारण सगळे डेक सारखे, मग स्टीमच तयार शेडर पाठवू शकतं, म्हणजे पीसी असून तिथे कन्सोलसारखी सोय होते.

आता टेस्टरची अडचण काय, तर एकदा तयार झालेला शेडर मशीन जपून ठेवतं. तुम्ही रोज त्याच मशीनवर तीच लेव्हल खेळताय, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला अडखळणं दिसणारच नाही. माझ्याकडून हे घडलंय, तीन आठवडे मी एका लेव्हलला 'परफॉर्मन्स ठीक' लिहीत होतो आणि शेजारच्या मुलीने नवीन मशीनवर ती उघडली तर दर वळणावर गेम थबकत होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण खेळणाऱ्याचा पहिला तास हाच असतो आणि मी तो त्याच्या नजरेने बघितलाच नव्हता. तेव्हापासून नियम केला, परफॉर्मन्स तपासायच्या आधी शेडर कॅशे, म्हणजे जपून ठेवलेल्या शेडरचा साठा, पुसायचा. एनव्हिडिया असेल तर यूझरच्या ॲपडेटामध्ये लोकलच्या किंवा (नव्या ड्रायव्हरमध्ये) लोकललोच्या आत एनव्हिडियाचा फोल्डर असतो, त्यात डीएक्सकॅशे, तो रिकामा करा. गेमचा स्वतःचा कॅशे असेल तर तोही. मग एकदा थंड (कॅशे पुसून), एकदा गरम (कॅशे भरलेला असताना), असे दोन्ही आकडे लिहा.

आकडे लिहिताना नुसती सरासरी लिहू नका. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद, ३० ला ३३.३. सेकंदात ५९ फ्रेम झटपट आल्या आणि एक अडकली तर सरासरी छानच दिसते पण हाताला झटका जाणवतो. म्हणून कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉनसारखं टूल लावा आणि सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा आकडाही द्या.

पायरी ६ : फ्रेमरेट बदलला की नियम बदलतात का?

कन्सोलवर गेम बऱ्याचदा ३० किंवा ६० ला बांधलेला असतो, पीसीवर माणूस १४४ ला खेळतो. गेमच्या आतलं काही गणित फ्रेमच्या हिशेबाने लिहिलेलं असेल तर फ्रेम वाढतील तसं ते जास्त वेगाने चालायला लागतं. डार्क सोल्स २ मध्ये पीसीवर ६० फ्रेमला शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची, कन्सोलच्या ३० ला बरोबर झिजायची, हा बग २०१४ मध्ये आला आणि २०१५ मध्ये दुरुस्त झाला. मुद्दाम मोजलं नाही तर बगच वाटत नाही, गेम कठीण आहे असं वाटतं. तेव्हा उडी, पडणं, विष लागणं, तलवार झिजणं, दरवाजा उघडायला लागणारा वेळ, हे सगळं ३०, ६० आणि १४४ ला स्टॉपवॉच लावून मोजा.

पायरी ७ : रिपोर्ट असा लिहा की दुसऱ्याला लगेच दिसेल

'पीसीवर गेम क्रॅश होतो', हा रिपोर्ट कोणाच्याच कामाचा नाही. असं लिहा : बिल्ड अमुक, ड्रायव्हर अमुक, दुसऱ्या लेव्हलच्या पुलावर उभं राहून मॅप उघडा, मॅप उघडा असताना ऑल्ट टॅब करा, परत या, स्क्रीन काळी राहते, आवाज चालू असतो, १० पैकी ७ वेळा, एनव्हिडियाच्या दोन मशीनवर येतं, एएमडीवर १० पैकी शून्य. शेवटचं ते 'शून्य' लिहायला विसरू नका, डेव्हलपरचा अर्धा दिवस त्याने वाचतो. कन्सोलच्या रिपोर्टमध्ये मशीनची माहिती थोडक्यात चालते, पण किट कोणता ते लिहायचं, आणि बग यादीतला कुठला नियम मोडतो तेही, कारण नियम मोडत असला की तो सहजासहजी पुढे ढकलता येत नाही.

पायरी ८ : पॅच

पीसीचा पॅच सकाळी तयार, दुपारी लोकांकडे. कन्सोलचा पॅच परत तपासणीला जातो. पूर्वी तर त्याला भरपूर पैसे पडायचे, फेझ नावाचा छोटासा गेम २०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर होता, पॅचमध्ये काहींच्या सेव्ह खराब होण्याचा बग निघाला आणि परत सर्टची फी परवडत नाही म्हणून बनवणाऱ्यांनी तोच पॅच तसाच परत चालू ठेवला. मायक्रोसॉफ्टने ती फी २०१३ मध्ये बंद केली. पण वेळ अजूनही जातो, आणि क्रॉसप्लेचा (पीसी आणि कन्सोलवाले एकत्र खेळू शकतात असा) गेम असेल तर पीसीवाले नव्या आवृत्तीवर, कन्सोलवाले जुन्या, मग एकत्र खेळता येत नाही किंवा त्याहून वाईट म्हणजे जोडलं जातं आणि मध्येच तुटतं. पॅचच्या आठवड्यात जुना कन्सोल बिल्ड आणि नवा पीसी बिल्ड समोरासमोर लावून नक्की बघा.

नोकरी लागायच्या आधी सराव करायचाय?

घरी जुना लॅपटॉप असेल तर तोच सोनं आहे, कारण स्टुडिओत असली मशीन नसतात. स्टीमवर नेक्स्ट फेस्ट हा डेमोंचा मेळा होतो तेव्हा शेकडो डेमो फुकट मिळतात, त्यातले छोट्या टीमचे दोन घ्या, वरच्या पायऱ्या लावा, आणि पाच नीट रिपोर्ट लिहून त्यांच्या डिस्कशनमध्ये किंवा डिस्कॉर्डवर टाका. छोट्या टीमकडे इतक्या मशीन नसतात, त्यांना मनापासून हवं असतं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स स्टुडिओचा राजी हा गेम २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि मग ऑक्टोबरमध्ये पीसी, पीएस४, एक्सबॉक्सवर, तो दोन ठिकाणी खेळायला मिळाला तर शेजारी शेजारी लावून बघा, लोडिंग, अक्षरांचा आकार, सावल्या, कंट्रोलर काढल्यावर काय होतं, सगळं दोन रकान्यांत लिहा. इंटरव्ह्यूला जाताना ते पान बरोबर न्या.